क्रिस्टीनच्या स्वयंपाकघरात: अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांची जडणघडण

मुलांसाठी लिहिणाऱ्या मोठ्या लेखकांची चरित्रे वाचताना आपली नजर आधी पुस्तकांच्या कपाटाकडे जाते. घरात ग्रंथसंग्रह होता का, वडील शिक्षक होते का, गावात वाचनालय होते का, हे आपण शोधतो आणि त्यावरून लेखकाची जडणघडण जुळवू पाहतो. स्वीडनच्या अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या बाबतीत ही रीत फारशी उपयोगी पडत नाही. त्या ज्या शेतकरी कुटुंबात वाढल्या तेथे कामाची, माणसांची आणि गुराढोरांची रेलचेल होती, पुस्तकांची नव्हती. गोष्ट त्यांच्याकडे आली ती कानावाटे, आणि तीही स्वतःच्या घरात नव्हे, तर गोठ्यावरच्या गड्याच्या बायकोच्या स्वयंपाकघरात. त्यांचे आयुष्य आणि लेखन जसजसे वाचत गेले तसतसे माझे मत पक्के होत गेले की ही लेखिका शेवटपर्यंत कानासाठीच लिहीत राहिली, आणि तिच्या बालपणापासून सत्तराव्या वर्षी केलेल्या त्या गाजलेल्या भाषणापर्यंत हाच एक धागा सलग जातो.

अॅस्ट्रिडचा जन्म 14 नोव्हेंबर 1907 रोजी दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड या प्रांतात, विमेर्बी या छोट्या गावाला लागून असलेल्या नेस नावाच्या शेतवाडीवर झाला. ही जमीन चर्चची होती. एरिकसन कुटुंब ती खंडाने कसत असे. वडील सॅम्युएल ऑगस्ट, आई हाना. थोरला भाऊ गुन्नार, मग अॅस्ट्रिड, आणि तिच्या पाठच्या स्टिना व इंगेगेर्ड या दोन बहिणी. लाल रंगाचे लाकडी घर, पलीकडे गोठे, तबेले, गवताची कोठारे आणि घरच्यांइतकेच वाडीवर वावरणारे गडी व मोलकरणी, असा तो सगळा पसारा होता.

त्या पसाऱ्यातच गोठा सांभाळणाऱ्या गड्याचे छोटे घर होते आणि त्याच्या बायकोचे नाव क्रिस्टीन होते. तिची मुलगी एडिट अॅस्ट्रिडपेक्षा थोडी मोठी, वाचता येणारी. अॅस्ट्रिडला अजून अक्षरओळख नव्हती. एके दिवशी क्रिस्टीनच्या स्वयंपाकघरात बसून एडिटने तिला बाम-बाम नावाच्या राक्षसाची आणि विरिबुंडा नावाच्या परीची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. घडले ते एवढेच. पण त्या क्षणी आपल्या मनात जी थरथर उठली ती पुढे कधीच पुरती शमली नाही, अशा अर्थाचे त्यांनी उतारवयात लिहून ठेवले आहे. ते स्वयंपाकघर केव्हाच नाहीसे झाले, तरी त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या पुस्तकांचा उगम तेथेच राहिला.

या प्रसंगातली एक बाजू मला फार मोलाची वाटते. वाचून दाखवणारी बाई मोठी, शिकलेली किंवा मुलांच्या मनाची जाणकार नव्हती. ती नुकतीच वाचायला शिकलेली एक गरीब घरची मुलगी होती. कदाचित शब्दांना अडखळतही असेल. तिच्याकडे एक गोष्ट होती आणि समोर ती ऐकायला अधीर झालेले एक मूल होते, आणि तेवढ्यावर एका लेखिकेचा पाया घातला गेला. मालकाची मुलगी गड्याच्या घरात जाऊन गोष्ट ऐकते हेही लक्षात घेण्याजोगे आहे. लिंडग्रेन यांच्या पुस्तकांत गडी, मोलकरीण, वाटसरू, गरीबखान्यातील म्हातारीकोतारी ही सारी माणसे घरातल्या माणसांसारखी बोलतात, त्यांना नाव असते, मत असते, हट्ट असतो. ही दृष्टी पुढे विचार करून आलेली नाही. ती क्रिस्टीनच्या उंबरठ्यापासून सोबत होती.

आमच्या इंदूरमध्ये या गोष्टीचा मला वेगळा प्रत्यय येतो, म्हणून थोडे विषयांतर करते. मी रामबागेत राहते आणि रविवारी दुपारी आसपासच्या मराठी घरांतली मुले आमच्याकडे गोष्ट ऐकायला जमतात. ही मुले घरी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर हिंदी. हिंदीमुळे देवनागरी लिपी त्यांना सफाईने वाचता येते, तरीही मराठी पुस्तक हाती दिले की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला त्यांचा वेग मंदावतो, कारण छापील मराठी वाक्याची वळणे डोळ्यांना सरावाची नाहीत. तेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवले की अडथळा राहत नाही. ज्या भाषेत आजी रागावते आणि आई जेवायला हाक मारते ती भाषा कानाला पूर्ण ओळखीची असते. फास्टर फेणेला जन्म देणारे भा. रा. भागवत हे याच इंदुरात 1910 मध्ये जन्मले, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. आपल्या गावात जन्मलेला माणूस अशी पुस्तके लिहू शकतो हे कळले की त्यांची मान ताठ होते. मग फेणे झाला, आणखी काही मराठी पुस्तके झाली, आणि त्यांच्या मागोमाग मी लिंडग्रेन यांच्या गोष्टी इंग्रजीतून घेऊन मराठीत सांगू लागले.

माझ्या स्वतःच्या कानांची सुरुवात श्रावणातली आहे. रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्यात आजी देवघरासमोर बसून कहाणी वाचायची आणि आम्हा सगळ्यांच्या मुठीत अक्षता द्यायची. 'आटपाट नगर होतं' पासून 'सुफळ संपूर्ण' पर्यंत त्या अक्षता सांडायच्या नाहीत हा दंडक होता. मूठ घामेजायची, तांदूळ तळव्याला चिकटायचे, पण हात सैल करण्याचे धैर्य होत नसे, कारण कहाणीतल्या बाईने उतू नये, मातू नये हे जसे पाळले तसे आपणही आपले पाळले पाहिजे, असे वाटे. गोष्ट ऐकणे ही अंग चोरून करण्याची गोष्ट नाही, त्यात आपलाही हात गुंतलेला असतो, हे मी तेथे शिकले. एडिटसमोर बसलेल्या त्या लहान मुलीची मला कल्पना करता येते ती यामुळे.

नेसमध्ये सांगणारा दुसरा मोठा आवाज वडिलांचा होता. सॅम्युएल ऑगस्ट हा गोष्टीवेल्हाळ माणूस होता. स्वतःच्या लहानपणच्या खोड्या, गावातले लोक, जत्रा, घोड्यांचे सौदे हे सारे तो रंगवून सांगे, आणि मुले ते पुनःपुन्हा ऐकत. त्याच्या सगळ्या गोष्टींत मोठी गोष्ट त्याच्या प्रेमाची होती. तेरा वर्षांचा असताना त्याने शाळेत नऊ वर्षांच्या हानाला पाहिले आणि ती त्याच्या मनात भरली. पुढे कित्येक वर्षे तो थांबला आणि 1905 मध्ये त्यांचे लग्न झाले. लग्नानंतरही त्याचे हानावरचे प्रेम तो मुलांसमोर लपवत नसे. शतकभरापूर्वीच्या शेतकरी घरात नवरा रोज बायकोला मिठी मारतो, हे मुलांनी पाहणे ही साधी बाब नव्हती. या दोघांच्या प्रेमाची हकीकत लिंडग्रेन यांनी 1975 मध्ये पुस्तकरूपाने लिहिली, आणि माझ्या मते त्यांच्या मोठ्यांसाठीच्या लेखनात तिच्या तोडीचे दुसरे काही नाही.

आपले बालपण जसे होते तसे कशामुळे झाले, याचे उत्तर त्यांनी नेहमी दोन शब्दांत दिले: सुरक्षितता आणि मोकळीक. एकमेकांवर प्रेम करणारे आईवडील हाक मारली की सापडत, ही सुरक्षितता. आणि हाक न मारल्यास ते मुलांच्या मागे मागे फिरत नसत, ही मोकळीक. हाना शिस्तीची होती, नेमून दिलेले काम पुरे झालेच पाहिजे असा तिचा आग्रह असे, पण कपडे मळले, फाटले किंवा जेवायला उशीर झाला म्हणून ती मुलांचा पिच्छा पुरवत नसे. मुले शेतावर खरोखरचे काम करीत. सलगमाची विरळणी करायला अॅस्ट्रिड सहा वर्षांची असल्यापासून जात होती. दिवसभर ओणवे होऊन रांगेमागून रांग उरकायची, आणि त्यातच गड्यांच्या गप्पा ऐकायच्या. रात्री निवाऱ्याला येणारे भटके वाटसरू गवताच्या कोठारात झोपत. त्यांच्याजवळ दूरदूरच्या बातम्या असत.

खेळाचे तर त्यांनी स्वतःच म्हटले आहे की खेळून खेळून आम्ही मेलो कसे नाही याचेच नवल. आईवडिलांच्या निजायच्या खोलीत जमिनीला पाय न लावता एका सामानावरून दुसऱ्यावर जात पूर्ण फेरी मारायची, हा चौघा भावंडांचा आवडता खेळ होता. आमच्या मुलांना हे सांगितल्यावर एक मुलगी लगेच म्हणाली की हे तर डोंगर-पाणीच आहे, आणि पुढचा अर्धा तास माझ्या दिवाणखान्यातील दिवाण, खुर्च्या आणि शिलाई मशीन हे सारे डोंगर झाले. हाच खेळ पिप्पी लाँगस्टॉकिंग या त्यांच्या गाजलेल्या नायिकेच्या पहिल्या पुस्तकात येतो. घराजवळ एल्मचे एक जुने, पोकळ झालेले झाड होते. त्याच्या ढोलीत घुबड राहत असे. गुन्नारने एकदा घुबडाच्या घरट्यात कोंबडीचे अंडे नेऊन ठेवले, आणि घुबडीने ते उबवून त्यातून कोंबडीचे पिल्लू बाहेर आले! ही हकीकत बुलर्बी गावच्या मुलांच्या पुस्तकात जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. तेच झाड पिप्पीच्या अंगणात गेले आणि तेथे त्याच्या ढोलीत गोड सरबताच्या बाटल्या पिकू लागल्या. ते झाड आजही नेसमध्ये उभे आहे.

पुस्तके आली ती शाळेबरोबर. नाताळच्या आधी शाळेतून पुस्तके मागवता येत, आणि अशा एका नाताळात अॅस्ट्रिडला तिचे स्वतःचे, दुसऱ्या कोणाचे नव्हे असे पहिले पुस्तक मिळाले. ते हिमगौरीचे होते. मुखपृष्ठावर येनी न्युस्ट्रोम या चित्रकर्तीने काढलेली काळ्या केसांची, गुबगुबीत राजकन्या होती. नव्या पुस्तकाच्या कागदाचा आणि शाईचा वास हे आपल्याला लागलेले पहिले वेड असल्याचे त्यांनी लिहिले आहे. नंतर मात्र ही मुलगी हाती लागेल ते वाचू लागली. वाचलेले एकटीपुरते ठेवायचे नाही, ही सवय मात्र कायम राहिली. बहिणींबरोबर आणि मैत्रिणींबरोबर ती वाचलेल्या कादंबऱ्यांतले प्रसंग खेळून काढी. लाकडाच्या वखारीतला भुशाचा ढीग त्यासाठी रंगमंच होई.

तेराव्या वर्षी तिने वाडीवरच्या मुलांच्या खेळावर एक निबंध लिहिला आणि तो 1921 मध्ये विमेर्बीच्या वर्तमानपत्रात छापून आला. गावातली माणसे कौतुकाने तिला विमेर्बीची सेल्मा लागरलॉफ म्हणू लागली. लागरलॉफ यांना 1909 मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले होते, तेव्हा तुलना केवढ्या मोठ्या नावाशी होत होती हे उघड आहे. त्या कौतुकाने ती इतकी धास्तावली की काहीही झाले तरी लेखिका व्हायचे नाही, असा तिने निश्चय केला आणि तो वीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ पाळला. लहान मुलांच्या लेखनाचे कौतुक करणाऱ्या आपण सगळ्यांनी या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहावे. मुलाने एक चांगली गोष्ट लिहिली की आपण त्याला लगेच मोठ्या लेखकाचा अंगरखा चढवतो; त्या मापाच्या ओझ्याने ते पुन्हा लिहायला बसत नाही.

यानंतरची हकीकत बालसाहित्याच्या परिचयात बहुधा दोन ओळींत उरकली जाते. माझ्या दृष्टीने तिच्यावाचून पुढचे काहीच उलगडत नाही. शाळा संपल्यावर सोळा-सतरा वर्षांची अॅस्ट्रिड त्याच वर्तमानपत्रात उमेदवारी करू लागली. तेथील संपादक तिच्याहून तीस वर्षांनी मोठे, कुटुंबवत्सल गृहस्थ होते. त्यांच्यापासून तिला अठराव्या वर्षी दिवस गेले. त्यांनी लग्नाची तयारी दाखवली, तिने नकार दिला, आणि गावाच्या कुजबुजीपासून दूर ती एकटी स्टॉकहोमला गेली. टंकलेखन आणि लघुलेखन शिकू लागली. तेथे एव्हा आंदेन या वकीलबाईंनी तिला मार्ग दाखवला: कोपनहेगनच्या एका रुग्णालयात पित्याचे नाव अधिकाऱ्यांना न कळवता बाळंत होता येत असे. 4 डिसेंबर 1926 रोजी तेथे लार्सचा जन्म झाला. बाळाला कोपनहेगनमध्येच मारी स्टीवन्स या प्रेमळ दाईआईकडे ठेवून अॅस्ट्रिड स्टॉकहोमला परतली.

पुढची तीन वर्षे ती एका बाजूला कार्यालयात टंकलेखन करीत होती आणि दुसऱ्या बाजूला पैपैसा साठवून, जेव्हा जमेल तेव्हा, रात्रीच्या गाडीने मुलाला भेटायला जात होती. मूल डेन्मार्कमध्ये डॅनिश बोलत मोठे होत होते. ज्या मुलीने सुखाचे सगळे धडे ऐकलेल्या आवाजांतून घेतले, तिच्या स्वतःच्या मुलाच्या कानी तिचा आवाज वर्षातून थोडेच दिवस पडत होता. हा माझा निष्कर्ष आहे, पण त्यांची पुस्तके त्याला दुजोरा देतात असे मी मानते. दाईआई आजारी पडली तेव्हा, 1930 च्या सुरुवातीला, लार्स स्टॉकहोमला आला; त्याला डांग्या खोकला झाला होता आणि आईची खोली भाड्याची होती. काही महिन्यांनी अॅस्ट्रिडने त्याला नेसला नेले, आणि सॅम्युएल ऑगस्ट व हाना यांनी नातवाला घरात घेतले. त्या काळातल्या, चर्चच्या जमिनीवर राहणाऱ्या, गावात मान असलेल्या कुटुंबाने हे केले, ही मला त्या घराच्या सुरक्षिततेची खरी कसोटी वाटते. 1931 च्या एप्रिलमध्ये तिने स्टुरे लिंडग्रेन यांच्याशी लग्न केले आणि लार्स आईजवळ राहायला आला. 1934 मध्ये कारिनचा जन्म झाला.

या तीन वर्षांची सावली त्यांच्या पुस्तकांत जागोजाग आहे. 1954 मध्ये आलेल्या मिओच्या गोष्टीचा आरंभ स्टॉकहोममधील एका बागेच्या बाकावर एकट्या बसलेल्या मुलापासून होतो. तो दत्तक घरात नकोसा झालेला आहे आणि आपल्या खऱ्या वडिलांची वाट पाहतो आहे. 1956 मधला रास्मुस अनाथाश्रमातून पळतो, कारण कुरळ्या केसांच्या मुलींनाच लोक घरी नेतात, सरळ केसांच्या मुलांना नाही, हे त्याला कळून चुकलेले असते. नेसच्या कोठारात झोपणारा भटका वाटसरू त्याला येथे बाप म्हणून भेटतो. या पुस्तकासाठी 1958 मध्ये त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पदक मिळाले. लिंडग्रेन यांना केवळ आनंदी खेड्याची लेखिका म्हणणाऱ्यांनी ही पुस्तके वाचलेली नसतात. नेसने त्यांना सुख दिले, कोपनहेगनच्या गाडीने त्या सुखाची किंमत दाखवली, आणि दोन्ही हातांनी त्या लिहीत राहिल्या.

पिप्पीचा जन्मही बोलण्यातूनच झाला. 1941 च्या हिवाळ्यात सात वर्षांची कारिन न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली होती. तिने त्याच क्षणी एक नाव रचले आणि पिप्पी लाँगस्टॉकिंगची गोष्ट सांग म्हणून आईकडे हट्ट धरला. ही पिप्पी कोण, असे न विचारता आईने सांगायला सुरुवात केली. नाव विचित्र होते म्हणून मुलगीही विचित्र झाली. पुढे कारिन आणि तिच्या मैत्रिणींना ती गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली, आणि कागदावर एक ओळही नव्हती. युद्धाचे दिवस होते. अॅस्ट्रिड पत्रे तपासण्याच्या गुप्त सरकारी कामावर होत्या आणि घरी युद्धाची रोजनिशी लिहीत होत्या. जगातल्या सर्वांत बलवान मुलीची, जी आपले बळ कोणाला छळण्यासाठी कधी वापरत नाही तिची, गोष्ट त्यांच्या घरी, त्याच वर्षांत घडत होती. मार्च 1944 मध्ये बर्फावरून घसरून त्यांचा पाय मुरगळला, आणि बिछान्यात पडल्या पडल्या त्यांनी ती गोष्ट प्रथमच लिहून काढली, कारिनच्या दहाव्या वाढदिवसाची भेट म्हणून. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित परत पाठवले. 1945 मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाच्या स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले, आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

ती गोष्ट त्यांनी लिहिली ती लघुलिपीत. माझ्या मुद्द्याचा हा कणा आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळते. पोटासाठी शिकलेली ही लिपी त्यांनी लेखनासाठी जन्मभर वापरली. लघुलिपीचा हेतूच मुळी असा की बोलणाऱ्याचा वेग हाताने गाठावा. सकाळी बिछान्यात बसून, वहीत पेन्सिलीने, त्या स्वतःचाच आवाज टिपून घेत. एकच परिच्छेद त्या पुनःपुन्हा लिहून काढीत, काही शब्द वगळत, काही हलवत, आणि वाक्य कानाला बरोबर लागले की मगच टंकयंत्राकडे वळत. दुपारनंतर त्या पिप्पीच्या प्रकाशकाकडे संपादक म्हणून काम करीत. हे काम त्यांनी 1946 पासून 1970 पर्यंत केले. अशा सुमारे 670 वह्या स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत, आणि अलीकडच्या काळात लघुलिपीच्या जाणकारांच्या मदतीने त्यांचे वाचन सुरू झाले आहे. त्यांच्या वाक्यांत जो ताल आहे, एखादा शब्द दोनदा येऊन तिसऱ्यांदा थोडा बदलतो तो जो लकबीचा भाग आहे, तो या सवयीतून आला असे मला वाटते. मोठ्याने वाचताना त्यांचे गद्य कोठेही जिभेला अडकत नाही. इंग्रजीतून मराठीत आणतानाही श्वास कोठे घ्यायचा हे आपोआप कळते. आपली पुस्तके त्यांनी स्वीडिश रेडिओवरून स्वतः वाचली, आणि त्या देशातल्या कितीतरी पिढ्यांच्या मनात त्या पुस्तकांना लेखिकेचाच आवाज आहे.

एमिलची कथाही अशीच. 1962 च्या उन्हाळ्यात त्यांचा लहान नातू आक्रस्ताळेपणाने रडत होता. त्याला गप्प करण्यासाठी त्यांनी विचारले की लोनेबेर्ग्याच्या एमिलने एकदा काय केले ठाऊक आहे का? नातू थांबला. आता काहीतरी सांगणे भाग होते, आणि जे सुचत गेले त्यात सॅम्युएल ऑगस्टच्या लहानपणच्या आठवणी होत्या. पहिले पुस्तक 1963 मध्ये आले तेव्हा वडील हयात होते; 1969 मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. आपल्या खोड्या देशभर वाचल्या जात आहेत हे पाहण्याचे भाग्य किती वडिलांना लाभते? एमिल शिक्षा म्हणून लाकूडकामाच्या खोपटात कोंडला जातो, आणि तेथे बसून प्रत्येक वेळी लाकडाचे एक माणूस कोरतो. वडील ओरडतात, कोंडतात. आई मात्र त्याच्या खोड्या निळ्या वह्यांत लिहून ठेवते आणि त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही.

मुलांना मारण्याविषयीची त्यांची भूमिका पुस्तकांच्या बाहेरही तेवढीच ठाम होती. 1978 मध्ये जर्मन प्रकाशकांचा शांतता पुरस्कार त्यांना फ्रँकफुर्टमध्ये दिला गेला. संयोजकांनी भाषण आधी मागवून वाचले आणि केवळ आभार मानून पुरस्कार घ्यावा, असे सुचवले. भाषण करता येणार नसेल तर मी येतच नाही, असे त्यांनी कळवले, आणि ते भाषण झाले. त्यात त्यांनी एका वृद्ध स्त्रीकडून ऐकलेली हकीकत सांगितली. छडीवाचून मूल सुधारत नाही असे मानण्याचा तो काळ होता. त्या स्त्रीने आपल्या लहान मुलाला एका चुकीबद्दल स्वतःच छडी शोधून आणायला पाठवले. बराच वेळ गेला. मूल रडत परतले, हातात एक दगड होता. छडी मिळाली नाही, पण हा दगड तू मला मारू शकतेस, असे ते म्हणाले. आईला आपल्याला दुखवायचेच आहे तर दगडानेही चालेल, असा त्या मुलाने विचार केला होता, हे कळल्यावर आई त्याला कवटाळून रडली, आणि तो दगड तिने स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. मुलांना मारण्यावर कायद्याने पूर्ण बंदी घालणारा स्वीडन हा जगातला पहिला देश ठरला तो पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये. कायद्यामागे अनेकांचे प्रयत्न होते. तरीही जगापुढे मांडायला त्यांनी आकडे निवडले नाहीत, तत्त्वज्ञान निवडले नाही, एका बाईकडून ऐकलेली गोष्ट निवडली, हे मला त्यांच्या सगळ्या आयुष्याशी सुसंगत वाटते.

28 जानेवारी 2002 रोजी, वडिलांइतक्याच वयाच्या, म्हणजे चौऱ्याण्णव वर्षांच्या असताना, स्टॉकहोममधील दालागातान रस्त्यावरच्या आपल्या घरात त्यांचे निधन झाले.

मुलांना वाचून दाखवण्यासाठी यातले आधी कोणते घ्यावे, असे पालक विचारतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांना बुलर्बीची पुस्तके द्यावीत. त्यांत विशेष काही घडत नाही, वाढदिवस येतो, बर्फ पडतो, कोंबडीचे पिल्लू निघते, आणि मुलांना नेमके तेच हवे असते. पिप्पी सात-आठ वर्षांना चांगली. त्याआधी मुले तिचे बळ पाहतात, तिचे एकटेपण त्यांच्या ध्यानात येत नाही. सिंहहृदयी भावांचे 1973 मधले पुस्तक मात्र नऊ-दहा वर्षांपूर्वी घेऊ नये, कारण पहिल्या काही पानांतच थोरला भाऊ धाकट्याला पाठीवर घेऊन जळत्या घरातून उडी मारतो आणि मरतो. आमच्याकडे ते वाचत असताना एका मुलाने मध्येच विचारले की मग धाकट्याला गोष्ट कोण सांगणार, कारण आजारी भावाला रोज गोष्ट सांगणारा तो थोरलाच होता. त्या दिवशी पुढचे पान उलटले नाही. उरलेला वेळ आम्ही त्याच प्रश्नावर बोललो. हे पुस्तक मुलाच्या हाती सोपवून मोठ्यांनी दुसऱ्या खोलीत जाणे मला योग्य वाटत नाही.

एमिलला वयाची अट नाही. सूपच्या भांड्यात त्याचे डोके अडकते तो भाग वाचण्याच्या दिवशी आधीच सगळी पातेली उंचावर ठेवावीत, एवढीच सूचना. मी ठेवली नव्हती, आणि एका मुलाच्या कानावरून पातेले काढायला खोबरेल तेल लागले. त्या गोष्टी सुरू असताना मुलांना न्यायला येणारे दोघे-तिघे आजोबा अर्धा तास आधीच येऊन मागच्या खुर्च्यांवर बसतात, आणि एमिलचे संपले की स्वतःच्या लहानपणच्या इंदुरातल्या खोड्या सांगू लागतात. आता त्या गोष्टींसाठी मुले थांबतात.